बाबुलाल मिस्त्रीचा शिकाऊ

कोसंबीचा वारलू ढिवर बत्तिसाव्या वर्षी नवं काम शिकायला निघाला, तेव्हा गावानं त्याला मनसोक्त हसून घेतलं. हसणार नाहीत तर काय! दोन लेकरांचा बाप, अर्धा जन्म पाण्यात गेलेला, आणि म्हणे इंजन शिकतो. "वारलू, आता इंजनाले गळ टाकतं का रे?" असं येता-जाता विचारायचे. वारलू मान खाली घालून पुढं जायचा. त्याला बोलता येत नव्हतं असं नाही, पण नको तिथं गप्प बसायची त्याला लहानपणापासून खोड. ही खोड पुढं त्याला किती महागात पडणार होती, ते तेव्हा कोणाला ठाऊक!

झालं होतं असं, की मालगुजारी, म्हणजे गावची जमीनदारी, मोडली आणि गावचा तलाव सरकारजमा झाला. आधी मालगुजाराच्या घरी सणावाराला टोपलीभर मासळी पोचवली, की उरलेलं पाणी ढिवरांचं. आता तलावाचा लिलाव होऊ लागला. ठेका बाहेरच्या माणसाला गेला आणि कोसंबीचे ढिवर आपल्याच तलावात रोजीनं जाळं ओढू लागले. वारलूनं तेही एक वर्ष केलं. मग एका दुपारी त्याची बायको मनकर्णा काठावरून घरी निघाली असताना ठेकेदाराच्या माणसानं तिला थांबवलं आणि चार लोकांसमोर तिची टोपली पालथी केली. टोपलीतून निघाले मूठभर झिंगे. लेकरांच्या भाजीपुरते. मनकर्णेनं टोपली सरळ केली, डोक्यावर ठेवली आणि चालू लागली.

त्या रात्री वारलू जेवला नाही. सकाळी म्हणाला, "मनकर्णा, मी आता हे पाणी सोडतो."

"अजी, पाणी सोडून कराल काय?"

"काम शिकीन. कोणी लिलावात घेऊ शकत नाई असं काम."

बोलणं सोपं. पण शिकवणार कोण? वरोऱ्याला एका कापसाच्या जिनात गेला, तर तिथला फिटर म्हणाला, आम्ही पोरं ठेवतो, बाप ठेवत नाही. चांद्याला एका लाकूड चिरायच्या कारखान्यात विचारलं, तर त्यांनी शाळेचा दाखला मागितला. वारलूची शाळा किती? तर दुसरीच्या पुस्तकातली बैलाची चित्रं पाहण्याइतकी. पायी आणि बैलगाडीनं असा तो तीन महिने हिंडला. शेवटी मूल गावात राजन्नाशेठच्या धानगिरणीत येऊन थांबला.

गिरणीत आडवं पडलेलं, एका सिलिंडरचं, दोन मोठ्या चाकांचं काळ्या तेलावरचं इंजन होतं. ते चालवायचा गोंदियाकडचा बाबुलाल मिस्त्री. पंचावन्न-छप्पन्नचं वय, कपाळाला कायम काजळी, तोंड भलतंच फाटकं. वारलूचं ऐकून घेतलं आणि म्हणाला, "अरे भाई, तुझ्या वयात लोक पोराले शिकवतात. चल, रस्ता नाप."

वारलूनं रस्ता नापला नाही. तो रोज यायचा, इंजनघराच्या दाराबाहेर उकिडवा बसायचा आणि पाहायचा. मिस्त्री दिवा पेटवून इंजनाचं डोकं कसं तापवतो, चाकाला झटका कोणत्या वेळी देतो, पट्टा कसा चढवतो. हाकललं की उठायचा, दहा पावलं जाऊन पुन्हा बसायचा. मिस्त्री शेठला म्हणाला, "हा ढिवर आहे का बगळा?"

पंधरा-वीस दिवसांनी मिस्त्रीचा मोठा पाना गिरणीच्या विहिरीत पडला. साधासुधा पाना नव्हता तो. तसला मूलमध्ये तर नाहीच, चांद्यातही मिळाला नसता, आणि त्याच्याशिवाय इंजनाचं डोकं उघडत नव्हतं. गळ टाकून पाहिला, लोहचुंबक सोडून पाहिलं. मिस्त्री विहिरीच्या कडेला बसून आपल्याच नशिबाला शिव्या घालत होता. वारलूनं सदरा काढला आणि काही न विचारता उडी मारली. तिसऱ्या बुडीला पाना घेऊन वर आला. नाकातून रक्त येत होतं.

मिस्त्रीनं पाना पुसला, वारलूकडं पाहिलं आणि कुरकुरत म्हणाला, "उद्या सूर्य निघाच्या आत येजो. पण एक ध्यानात ठेव, मी काही मास्तर नाई. दिसन ते शिक."

अशी ती शिकाऊगिरी सुरू झाली. वारलूनं डोंगा आणि जाळी चुलतभावाला देऊन टाकली. काळजाचा तुकडा तोडून दिल्यासारखं झालं त्याला, पण परतीची वाट ठेवली तर आपण परत जाऊ, याची त्याला धास्ती होती. मूलला गिरणीमागं कुडाची खोली घेतली. मनकर्णा गिरणीच्या आवारात धान पाखडायला लागली. वारलूला शेठ देई ते मिठामिरचीला पुरायचं, एवढंच. पण मनकर्णेनं कधी तोंड वाकडं केलं नाही. आवारात तिला कोणी थांबवून टोपली पालथी करत नव्हतं, ही एवढी गोष्ट तिला पुष्कळ होती.

बाबुलाल खरोखरच मास्तर नव्हता. चूक झाली की चिंधी फेकून मारायचा, बरोबर केलं की काहीच बोलायचा नाही. दिवसातून एकच प्रश्न विचारायची मुभा, तीही संध्याकाळच्या चहाला. वारलू दिवसभर प्रश्न मनात घोळवायचा आणि त्यातला एकच निवडायचा. कधी निवडता निवडता बाकीच्यांची उत्तरं आपोआप सापडायची. वर्षभरात तो तेल घालायला शिकला, पट्टा शिवायला शिकला, आवाजावरून इंजन तृप्त आहे की उपाशी ते ओळखायला शिकला. पण इंजन उघडलेलं मात्र त्यानं कधी पाहिलं नाही. आतलं सगळं मिस्त्रीच्या डोक्यात, आणि ते डोकं तो सहजासहजी उघडणार नव्हता.

इंजनाला गार ठेवायला बाहेर सिमिटाचा हौद होता. हौदातलं पाणी पंपानं ओढलं जाई, सिलिंडरभोवती फिरे, आणि गरम होऊन दुसऱ्या हौदात पडे. तिथं निवलं की पहिल्यात परत. हौद साफ ठेवणं वारलूकडं. त्या हौदात शेवाळ फार धरायचं. आठ दिवस गेले की नळाच्या तोंडाची जाळी बुजायची आणि मिस्त्री ओरडायचा, "वारल्या, माझं इंजन जाळतं का काय तू?"

पावसाळ्यात गिरणी बंद पडली. धान संपलं, नवं यायला अजून चार महिने. मिस्त्री गोंदियाला गेला. हौदात हिरवा थर चढला, डासांची अळी वळवळू लागली. वारलूला ते पाहवेना. ढिवराच्या पोराला साचलेलं पाणी घाण झालेलं दिसलं की त्याचा हात आपोआप एकाच गोष्टीकडं जातो. त्यांच्यात नवी विहीर खणली की आधी तिच्यात मासळी सोडतात आणि मगच तिचं पाणी पितात. मासळी अळी खाते, शेवाळ खाते, पाणी जितं राहतं. वारलूनं नाल्यातून बोटाएवढ्या बावीस मासळ्या धरून आणल्या आणि हौदात सोडल्या. महिनाभरात हौदाचा तळ दिसू लागला. त्याला वाटलं, मिस्त्री येऊन पाहील आणि पहिल्यांदा दोन चांगले शब्द बोलेल.

दिवाळीनंतर मिस्त्री परतला. त्याच्या आदल्या दिवशी, मासळी नळात जाऊ नये म्हणून, वारलूनं धोतराच्या फडक्यानं एकेक मासळी काढली. मोजली. बावीस. मनाशी म्हणाला, झालं, हौद साफ दिसेल आणि मासळीचं कोणाला कळणारही नाही.

आता बोला! जन्मभर मासळीत राहिलेला माणूस, आणि बावीस सोडल्या म्हणून बावीसच काढल्या. पावसाळ्यात मासळी काय नुसती खाऊन बसते? अंडी घालते, हे कोसंबीतल्या शेंबड्या लेकराला ठाऊक. पण वारलू तेव्हा ढिवर राहिला नव्हता आणि मिस्त्री अजून झाला नव्हता. हौदाच्या कोपऱ्यात जिऱ्याएवढी पिल्लं होती, शेकड्यांनी. जाळीच्या छिद्रातून सहज जातील एवढी.

मार्गशीर्षात धानाची रीघ लागली. गाड्यांची रांग रस्त्यापर्यंत. इंजन सकाळपासून सूर्य बुडेपर्यंत चालायचं. पाचव्या दिवशी दुपारी मिस्त्री पट्टा पाहायला आत गेला आणि वारलू तेलाचा डबा आणायला. दोघांनाही वास एकदमच आला, तापलेल्या लोखंडाचा. मिस्त्री धावत आला, तेल बंद केलं. इंजन दोन वेळा कण्हलं, चाक अर्ध्यात अडकलं आणि थांबलं. मग गिरणीत असा शुकशुकाट झाला की बाहेर उभ्या असलेल्या बैलांच्या घंटा ऐकू येऊ लागल्या. पिस्टन सिलिंडरला धरून बसला होता.

"पाणी पाह्य," मिस्त्री म्हणाला. "नळ खोल."

नळाला जिथं वळण होतं तिथला जोड वारलूनं एकट्यानं उघडला. बोट घातलं. बोटाला मऊ, शिजलेला लगदा लागला. त्यात बारीक बारीक काळे डोळे होते.

नळ धुऊन टाकला असता तर कोणालाही काही कळलं नसतं. वारलू तो लगदा तळहातावर घेऊन तसाच मिस्त्रीकडं गेला, हे त्याच्या बाजूनं सांगितलंच पाहिजे. "मिस्त्री, हे माह्या हातून झालं. शेवाळ खाईन म्हणून मासळी सोडली होती मी. काढली, पण पिल्लं राह्यली."

मिस्त्री हातातल्या त्या लगद्याकडं बघत राहिला. शिवी नाही, चिंधी नाही, काही नाही. तेवढ्यात राजन्नाशेठ आला. शेठ वाईट माणूस नव्हता, पण बाहेर चाळीस गाड्या उभ्या होत्या, आणि सुटे भाग नागपूरहून यायचे म्हणजे आठ-दहा दिवसांची निश्चिंती. तो आल्या आल्या ओरडला,

"कोणाच्या हातून झालं?"

वारलूनं मूठ मिटली. तोंड उघडणार तोच मनात सगळं एकदम आलं. डोंगा गेला, जाळी गेली. कुडाची खोली. ठेकेदाराचा माणूस. मनकर्णेची ती पालथी टोपली. मूठ आणखी घट्ट झाली.

मिस्त्रीनं एकदा वळून त्याच्याकडं पाहिलं. मग शेठला म्हणाला, "इंजन माझ्या हातात दिलं होतं तुमी. चूक माझी."

"मग ते दुरुस्त कर आणि चालता हो," शेठ म्हणाला. "म्हातारपणी डोळे मिटून चालवतं का इंजन?"

मिस्त्रीनं मान हलवली. वारलू मूठ मिटून तसाच उभा राहिला.

दुरुस्तीला अकरा दिवस लागले. नागपूरहून रिंगा आल्या, सिलिंडर घासून घ्यावा लागला. आणि नवल असं, की त्या अकरा दिवसांत बाबुलाल मिस्त्री बोलू लागला. जो माणूस दिवसाला एका प्रश्नाचं उत्तर द्यायला कुरकुरायचा, तो आपणहून सांगू लागला. ही रिंग अशी बसते, तोंड इकडं ठेवजो. हा वॉल्व घासताना हात असा फिरव. डोक्याचे नट एकदम आवळायचे नाई, आडवे-तिरपे, थोडे थोडे. सकाळी सगळ्यात आधी येऊन बसायचा आणि वारलू आला की त्याच्याकडं पाहायचा, चहा पुढं सरकवायचा. वारलूनं दीड वर्षात शिकलं नसेल तेवढं अकरा दिवसांत शिकलं. इंजनाचं सगळं आतडं त्यानं आपल्या हातानं बाहेर काढलं आणि आपल्या हातानं आत बसवलं.

आणि शेठला सांगायचं? रोज ठरवायचा. आज पिस्टन बसू दे, उद्या सांगतो. उद्या झाली की म्हणायचा, डोकं चढू दे. रात्री मनकर्णेला सगळं सांगून मोकळा झाला, तेव्हा ती अंधारात उठून बसली. म्हणाली, "अजी, त्या म्हाताऱ्याले कोण ठेवीन आता? सांगा ना जाऊन. आपण पुन्हा जाळं ओढू. मी आहे ना."

"सांगतो वं. इंजन लागू दे एकदा."

बाराव्या दिवशी इंजन लागलं. मिस्त्रीनं चाकाला हात लावला नाही, वारलूलाच लावायला लावलं. थोडा वेळ आवाज ऐकला, आपली पिशवी उचलली आणि सकाळच्या गाडीला निघून गेला. पाना मात्र भिंतीला टांगून ठेवला होता.

गाडीची शिटी वारलूनं ऐकली. तो पळत शेठच्या गादीपाशी गेला. "शेठ, मिस्त्रीची चूक नव्हती. मासळी मी सोडली होती हौदात. मीच." आणि तो लहान पोरासारखा हुंदके देऊन रडू लागला.

राजन्नाशेठनं चष्मा काढला. मग म्हणाला, "आता सांगून राह्यला तू? त्या दिवशी बोलला असता तर तुले काढलं असतं, म्हातारा राह्यला असता. आता त्याले मी तोंड कोणत्या हिशेबानं दाखवू? त्याले नाई नाई ते बोललो मी." त्यानं बाहेरच्या गाड्यांकडं पाहिलं. "जा. इंजन बंद पडू देऊ नको."

बस्स, एवढंच. त्याला काढलं तर इंजन चालवायला शेठपाशी दुसरा माणूस नव्हता. ज्यासाठी वारलू वणवण फिरला होता ते त्याला मिळालं, आणि मिळालं ते असं. गाडीवान त्याला मिस्त्री म्हणू लागले. तो दर वेळी म्हणायचा, "मिस्त्री बाबुलाल. मी वारलू." लोकांना वाटे, माणूस फार नम्र आहे. त्याला हे ऐकून आणखीच मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं.

पोस्टमास्तरकडून त्यानं गोंदियाला तीन पत्रं लिहून घेतली. उत्तर आलं नाही. अखेर तिसऱ्या वर्षी, आपला जिल्हा मुंबई राज्यात गेला त्या हिवाळ्यात, गिरणीला तीन दिवसांची सुट्टी पडली आणि तो छोट्या रुळांच्या गाडीत बसून गोंदियाला गेला. विचारत विचारत घरी सापडला बाबुलाल. एका विडीच्या गोदामावर चौकीदार होता. साठीच्या माणसाला कोणत्याच गिरणीनं ठेवलं नव्हतं. हात स्वच्छ दिसत होते त्याचे, काजळी गेली होती, आणि वारलूला तेच बघवेना. त्यानं पाय धरले.

बाबुलालनं पाय मागं घेतले नाहीत, पण डोक्यावर हातही ठेवला नाही. विचारलं, "इंजन कसं आहे?"

"चालू आहे, मिस्त्री. औंदा रिंगा बदलल्या."

"तोंड कोणत्या बाजूनं ठेवलं?"

वारलूनं सांगितलं. म्हातारा "हं" म्हणाला. मग वारलू भडाभडा बोलू लागला. शेठला सगळं सांगितलं आहे, शेठ पस्तावला आहे, तुम्ही चला, इंजन तुमचं, मी पुन्हा हौद घासतो, लेकरांची शपथ. बाबुलालनं त्याला सगळं बोलू दिलं.

"तुले वाचवाले नाई बोललो मी," तो शेवटी म्हणाला. "इंजन माझ्या हातात होतं, म्हणून बोललो. त्याचा मले राग नाई. दुसऱ्या दिवशी सकाळी मनात आलं, पोरगं घाबरलं होतं, आज बोलन. चहा पाजला तुले. नाई बोलला. मग वाटलं, उद्या बोलन. जेवढं येत होतं तेवढं सगळं सांगत गेलो तुले, की खरं बोलणाऱ्याच्या हातात इंजन जाईन म्हणून." तो थांबला. "अकरा दिवस वाट पाह्यली मी, वारलू."

मिस्त्रीच्या सुनेनं दोघांना भात वाढला. दोघं खाली मान घालून जेवले. बाबुलालनं त्याला दोनदा भात घ्यायला लावला आणि गोदामाची वेळ झाली म्हणून काठी घेऊन उठला.

संध्याकाळच्या गाडीला गर्दी नव्हती. वारलू नागभीडपर्यंत दारापाशी उभाच राहिला. एका म्हातारीनं दोनदा सरकून जागा केली, तरी तो बसला नाही.